वाचक पेपर कुठून उघडतो?

धुळ्यातील एका मराठी दैनिकाच्या डिजिटल विभागात तीन वर्षे काम करणाऱ्या उपसंपादकाने मला विचारले आहे: ‘आमचे वृत्तसंपादक जिल्हा परिषदेची सभा, सिंचन प्रकल्प आणि महापालिकेचे अंदाजपत्रक वर ठेवतात. पडद्यावरचे आकडे मात्र रोज सांगतात, की लोक अपघात, सोन्याचे भाव, हवामान आणि निधनवार्ता वाचतात. कोणते विषय कमी करावेत, याची टिपणी व्यवस्थापनाने माझ्याकडे मागितली आहे. यात संपादकांचे बरोबर मानावे की वाचकांचे?’

जळगावच्या डेस्कवर मी पंचवीस वर्षांहून अधिक काळ काढला आणि त्यातील शेवटची काही वर्षे तुमच्यासारखाच आकड्यांच्या पडद्यासमोर बसून काढली, त्यामुळे हा प्रश्न मला परका नाही. त्यात दडलेले एक गृहीतक मात्र आधी बाजूला काढले पाहिजे. संपादकाची यादी म्हणजे कर्तव्य आणि वाचकाची यादी म्हणजे आवड, असे आपण धरून चालतो. दर वर्षी ६ जानेवारीला पत्रकार दिनाच्या व्यासपीठावरून वाचकांची अभिरुची घसरल्याची जी खंत ऐकू येते, तीही याच समजुतीवर उभी असते. माझा अनुभव असा, की संपादकाची यादी वाटते तितकी कर्तव्यातून आलेली नसते आणि वाचकाची यादी वाटते तितकी उथळ नसते. तुमच्या टिपणीतून काय वगळायचे, हे या दोन गोष्टी नीट तपासल्यावरच ठरवता येईल.

दोन याद्यांमध्ये अंतर आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पाब्लो बोचकोव्स्की आणि युजेनिया मिचेलस्टाइन या संशोधकांनी उत्तर व दक्षिण अमेरिका आणि पश्चिम युरोप येथील सात देशांतील २० वृत्तसंकेतस्थळांवरच्या ५० हजारांहून अधिक बातम्या तपासून २०१३ मध्ये आपले निष्कर्ष पुस्तकरूपाने मांडले. संपादकांनी ठळक जागा दिलेल्या बातम्यांत राजकारण, अर्थकारण आणि परराष्ट्र संबंध यांचा वाटा मोठा होता. सर्वाधिक वाचल्या गेलेल्या बातम्यांत क्रीडा, गुन्हे, मनोरंजन आणि हवामान पुढे होते. देश बदलला किंवा वृत्तसंस्थेची राजकीय भूमिका बदलली, तरी अंतराची दिशा तीच राहिली. त्याआधी २००७ च्या जूनअखेरीस अमेरिकेतील ‘प्रोजेक्ट फॉर एक्सलन्स इन जर्नालिझम’ या संस्थेने एका आठवड्यापुरती मुख्य प्रवाहातील माध्यमांची तुलना डिग, रेडिट आणि डेलिशस या संकेतस्थळांशी केली होती, जिथे कोणती बातमी वर राहणार हे वाचकच ठरवत असत. माध्यमांत त्या आठवड्यात स्थलांतरितांविषयीच्या विधेयकाची मोठी चर्चा होती. वाचकांनी निवडलेल्या बातम्यांत ते विधेयक जवळजवळ दिसलेच नाही, आणि २९ जूनला विक्रीस आलेल्या आयफोनचा तिथे बोलबाला होता. तेव्हा तुमच्या पडद्यावर जे दिसते, ते धुळे-नंदुरबारच्या वाचकाचे वैगुण्य आहे असे समजू नका.

आता संपादकाच्या यादीकडे वळतो, कारण तिच्याकडे आपण सहसा बोट दाखवत नाही. डेव्हिड मॅनिंग व्हाइट यांनी १९५० मध्ये एका अमेरिकी वृत्तपत्राच्या तार-संपादकाचा, म्हणजे वृत्तसंस्थांकडून तारेने येणाऱ्या बातम्या निवडणाऱ्याचा, अभ्यास प्रसिद्ध केला. त्या संपादकाने एक आठवडाभर आपल्याकडे आलेली पण न छापलेली प्रत्येक बातमी जपून ठेवली आणि ती का नाकारली, हे तिच्यावर लिहिले. आलेल्या मजकुरापैकी सुमारे एक दशांशच छापला गेला होता. नकाराची कारणे मात्र पाहण्यासारखी होती: जागा नाही, उशिरा आली, रटाळ आहे, मला पटत नाही. सार्वजनिक हिताचा विचार त्यात कुठे तरी असेलही, परंतु कात्री चालवणारा हात बऱ्याचदा घड्याळाचा आणि वैयक्तिक मताचा होता.

आपल्याकडे याहून वेगळे काय होते? संध्याकाळी सहाच्या सुमारास डेस्कवर काय काय येऊन पडलेले असते, ते आठवा. पालकमंत्र्यांच्या दौऱ्याची प्रेसनोट, तीन पत्रकार परिषदांची छायाचित्रे, एका संघटनेने जिल्हाधिकाऱ्यांना दिलेले निवेदन आणि ‘निवेदन देताना उपस्थित’ अशा वीस जणांची नावे, दोन सत्कार, एक भूमिपूजन आणि तालुका प्रतिनिधींनी पाठवलेला उरलेला मजकूर. साडेनऊपर्यंत पान सोडायचे असते. जिल्हा परिषदेची सभा दुपारी संपलेली असते, बातमी वेळेत आलेली असते, फोटो तयार असतो. ती लीड, म्हणजे पानावरची मुख्य बातमी, होते. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बैठकीत आपणच त्या निवडीला ‘सार्वजनिक महत्त्वाचा विषय’ असे नाव देतो. मी स्वतः हे इतक्या वेळा केले आहे, की यात कुणाला दोष देण्याचा मला अधिकार नाही. पण तुमच्या वृत्तसंपादकांच्या यादीतील किती बातम्या त्यांनी महत्त्वाच्या म्हणून निवडल्या आणि किती केवळ वेळेवर पोहोचल्या म्हणून लागल्या, हे एक आठवडाभर नोंदवून पाहा.

योहान गाल्टुंग आणि मारी होल्म्बो रूगे यांनी १९६५ मध्ये परदेशी बातम्यांच्या निवडीविषयी लिहिताना एक मुद्दा मांडला होता, तो आपल्या भागात रोज पटतो: ज्या घटनेचा कालावधी वृत्तपत्राच्या कालावधीत बसतो, ती घटना बातमी होते. जळगाव जिल्ह्यातील यावल-रावेर पट्ट्यात केळीखालचे भूजल वर्षानुवर्षे खोल जात आहे. हे एका दिवसात घडत नाही, म्हणून ते कोणत्याही एका दिवसाची बातमी होत नाही. तापीच्या पुनर्भरण योजनेवर एखादा मंत्री बोलला, की त्या दिवशी ती होते आणि तीही मंत्र्याची बातमी म्हणून होते. ज्या शेतकऱ्याची कूपनलिका या वर्षी आणखी खोल न्यावी लागली, त्याच्या दृष्टीने त्या बातमीत वाचण्यासारखे काही नसते. तो ती वाचत नाही आणि आपण म्हणतो, सिंचनाच्या विषयात वाचकाला रस नाही.

वाचकाच्या यादीतील एकेक बाब आता जवळून पाहू.

हवामान घ्या. वर सांगितलेल्या संशोधनात हवामान हे क्रीडा आणि मनोरंजन यांच्या पंक्तीला, म्हणजे सार्वजनिक व्यवहारांच्या बाहेर, बसवलेले आहे. माद्रिद किंवा शिकागो येथील वाचकाच्या बाबतीत ते योग्यही असेल, कारण उद्या छत्री घ्यावी की नाही एवढ्यापुरतेच त्याला हवामान लागते. रावेर, यावल, चोपडा, मुक्ताईनगर या तालुक्यांत मात्र पाऱ्याचा एक अंश म्हणजे रोख पैसा असतो. थंडी वाढली की केळीची निसवण अडखळते, एप्रिल-मेच्या उष्ण वाऱ्यांनी पाने फाटतात आणि जूनच्या तोंडाशी आलेल्या वादळाने घडांनी लगडलेली बाग एका रात्रीत आडवी होते. त्यातच फळपीक विमा हवामानावर आधारलेला आहे. महसूल मंडळातील (म्हणजे तालुक्यातील काही गावांच्या गटातील) स्वयंचलित हवामान केंद्रावर सलग ठरावीक दिवस तापमान ठरावीक मर्यादेच्या खाली किंवा वर नोंदले गेले, तर भरपाई मिळते, अन्यथा नाही. म्हणजे आपल्या मंडळात काल किमान तापमान किती नोंदले गेले, ही रावेरच्या वाचकासाठी त्या दिवसातील सर्वांत मोठी आर्थिक बातमी असते.

आम्ही त्या काळात काय करत होतो? विमा कंपनीच्या विरोधात दिलेले निवेदन नावांच्या यादीसह पहिल्या पानावर लावत होतो आणि तापमानाची चौकट आत, दोन ओळींची, तीही केवळ जळगाव शहराच्या आकड्यापुरती. वाचक ती चौकट वाचत होता आणि निवेदन सोडून देत होता. मला वाटते, त्या दिवसांत वृत्तमूल्याची जाण संपादकापेक्षा वाचकाला अधिक होती.

सोन्याच्या भावाचेही तसेच आहे. जळगावच्या सराफ बाजाराचे नाव राज्यभर आहे आणि कापसाचे पैसे हाती आल्यावर लग्नसराईच्या आधी सोने घेऊन ठेवणारी कुटुंबे आपल्याकडे गावोगावी आहेत. भाव पाहणाऱ्याला हौशी म्हणून मोजणे ही मोजणाऱ्याची सोय झाली. भुसावळ विभागात रेल्वेचा ब्लॉक असला, म्हणजे कामासाठी मार्ग काही काळ बंद ठेवला, की अप-डाऊन करणारा नोकरदार गाड्या रद्द झाल्याची बातमी आधी उघडतो. त्याबद्दल अधिक लिहिण्याची गरज नाही.

निधनवार्तेविषयी मात्र लिहिले पाहिजे, कारण वृत्तपत्रविद्येच्या वर्गात तिच्याविषयी कुणी बोलत नाही. खानदेशातील मोठा वाचकवर्ग पेपर पहिल्या पानावरून उघडत नाही; तो आधी आतले निधनवार्तेचे पान उघडतो आणि तिथून मागे-पुढे जातो. मी डेस्कवर नवा असताना एकदा रात्री उशिरा आलेल्या जाहिरातीला जागा करून देण्यासाठी निधनवार्ता काढल्या. जिल्ह्यातील एका मोठ्या पाटबंधारे प्रकल्पाची मी मेहनतीने केलेली बातमी त्याच दिवशी पहिल्या पानावर होती. सकाळी सातपासून एजंटांचे फोन सुरू झाले. पाटबंधाऱ्याविषयी एकही फोन नव्हता. एरंडोलच्या बाजूच्या एका एजंटाने मला शांतपणे समजावले: ‘साहेब, गंधमुक्ती कधी आहे ते पेपरात नसलं, तर लोक पोहोचणार कसे? आणि पोहोचले नाहीत, तर पुढची दहा वर्षं बोल ऐकायचे कुणी?’

आपल्या भागातील सोयरीक तालुक्यांच्या सीमा ओलांडून पसरलेली आहे. पाचोऱ्याची लेक शिरपूरला दिलेली असते, तिची नणंद शहाद्याला असते. कुणाचे उत्तरकार्य, गंधमुक्तीचा विधी कोणत्या तारखेला आहे, हे कळणे ही अशा नातेसंबंधांत जगणाऱ्या माणसाची निकड आहे, आणि ती न भागवल्याचा राग तो राजकीय बातमी चुकल्याच्या रागाहून अधिक काळ धरतो. परकी वर्गवारी या बातमीला ‘सार्वजनिक व्यवहार’ म्हणणार नाही. माझ्या मते आपल्या समाजाचा बराचसा सार्वजनिक व्यवहार त्या पानावरच चालतो; निवडणुकीच्या वर्षात उमेदवार ते पान पाहूनच दिवसाचा दौरा आखतात, हे तुम्हीही पाहिले असेल.

अपघातांच्या बाबतीत मी इतका उदार होणार नाही. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर या दोन्ही महामार्गांवरील अपघातांच्या बातम्या भीतीपोटी उघडल्या जातात. गाडी कुठली, माणसे कुठल्या गावची, आपले कुणी त्यात नाही ना, एवढे पाहून वाचक सुटकेचा श्वास टाकतो. त्याला मी दोष देत नाही. पण ही भीती हेरून रक्ताचे फोटो आणि अर्धवट मथळे टाकणारी संकेतस्थळे आहेत आणि त्यांचे आकडे तुमच्या व्यवस्थापनाला मोहात पाडणार आहेत. त्याच बातमीत त्याच वळणावर गेल्या वर्षभरात आणखी किती गाड्या घसरल्या, तिथे दुभाजक का नाही आणि ते काम कोणत्या कार्यालयाकडे आहे, हे तीन वाक्यांत आले, तर वाचक तेही वाचतो. हाच मजकूर दुसऱ्या दिवशी ‘रस्ते सुरक्षा समितीची बैठक’ म्हणून दिला, तर वाचत नाही.

आता आकड्यांविषयी. तुमच्या पडद्यावर जे दिसते ते वाचकाची निवड आहे, असे आपण सहज म्हणतो. बोट कुठे टेकले एवढेच त्यातून कळते. इरेने कोस्टेरा मायर आणि टिम ग्रोट कोर्मेलिंक या डच संशोधकांनी बातमी उघडण्यामागची किंवा न उघडण्यामागची ३० वेगवेगळी कारणे नोंदवली आहेत, आणि त्यांत रस नसणे हे अनेकांपैकी केवळ एक कारण आहे. कित्येकदा मथळ्यातच सर्व काही कळलेले असते. तापीवरच्या हतनूर धरणाविषयीचा ‘हतनूरचे ४१ दरवाजे उघडले’ हा मथळा घ्या. तापीकाठच्या गावातील माणसाला जे हवे ते त्या चार शब्दांत मिळाले; मोटर वर उचलायची, गुरे हलवायची, म्हणून तो फोन खिशात घालून निघाला. तुमच्या पडद्यावर ही बातमी शून्य रसाची ठरली. याउलट ‘जळगावात जे घडले ते पाहून व्हाल थक्क’ हा मथळा शंभर जणांनी उघडला आणि तितक्याच वेगाने मिटला. तो मात्र यशस्वी ठरला. टोनी हेल यांच्या चार्टबीट या मोजणी करणाऱ्या कंपनीने २०१४ मध्ये जाहीर केलेल्या आकड्यांनुसार पान उघडणाऱ्यांपैकी ५५ टक्के लोक त्यावर १५ सेकंदांपेक्षा कमी वेळ सक्रिय होते. जे सर्वाधिक पुढे पाठवले जाते तेच सर्वाधिक लक्षपूर्वक वाचले जाते, असेही त्यांना आढळले नव्हते.

शिवाय वाचकाची म्हणून जी यादी तुमच्यासमोर येते, ती पूर्णपणे वाचकाची नसतेच. ज्या बातमीची सूचना तुम्ही फोनवर पाठवली ती वर जाते. जी मुखपृष्ठावर तिसऱ्या पडद्याखाली ढकलली ती खाली राहते. फेसबुकने जानेवारी २०१८ मध्ये मित्र आणि कुटुंबीय यांच्या मजकुराला प्राधान्य देण्याचे ठरवले, तेव्हा जगभरातील वृत्तसंकेतस्थळांकडे तिथून येणारी वर्दळ घटली. त्या महिन्यात वाचकांची आवड बदलली नव्हती, वाट बदलली होती. तेव्हा टिपणीत विषयवार बेरजा देण्याआधी प्रत्येक बातमी कुठे, किती वेळ आणि कोणत्या मथळ्याखाली होती, हे वेगळे करा. हे काम कंटाळवाणे आहे, पण ते न करता काढलेला निष्कर्ष म्हणजे आपणच लावलेल्या पानाचे आपल्यालाच आलेले उत्तर असते.

दोन याद्यांमधील अंतर वर्षभर सारखे नसते, हेही त्या टिपणीत आले पाहिजे. बोचकोव्स्की आणि मिचेलस्टाइन यांनाही निवडणुका आणि राजकीय संकटे यांच्या काळात वाचक सार्वजनिक विषयांकडे वळतात, असे आढळले होते. तुमच्याकडचेच उदाहरण घ्या. ४ जून २०२४ रोजी धुळे लोकसभा मतदारसंघाचा निकाल ३,८३१ मतांनी लागला. त्या रात्री विधानसभा मतदारसंघनिहाय मतांचे रुक्ष तक्ते लोकांनी ज्या बारकाईने वाचले, तसे कोणत्याही अपघाताचे वृत्त वाचले नसेल. एरवी ज्याला राजकारण नको असते असे आपण म्हणतो, तोच माणूस त्या रात्री फेरीनिहाय आघाडी मागत होता.

निवडणूक पाच वर्षांतून येते, पण लहान प्रमाणावर असे क्षण दर वर्षी येतात. खरिपाची अंतिम पैसेवारी, म्हणजे गावात पीक किती आले याचा पैशांत मांडलेला सरकारी अंदाज, डिसेंबरमध्ये जाहीर होते. ‘जिल्ह्याची पैसेवारी जाहीर, प्रशासनाची माहिती’ असा मथळा आम्ही वर्षानुवर्षे दिला आणि कुणी फिरकले नाही. एका दुष्काळी वर्षी तालुका प्रतिनिधींच्या आग्रहावरून तहसील कार्यालयातील गावनिहाय तक्ता बारीक अक्षरांत जसाच्या तसा छापला. ५० पैशांच्या आत कोणते गाव आले आणि कोणते वर राहिले, हे त्यात दिसत होते, आणि दुष्काळी सवलती त्यावरच अवलंबून होत्या. तो तक्ता लोकांनी कापून ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावला. विषय तोच होता आणि भाषा तर आधीपेक्षा कोरडी होती. फक्त त्यात वाचकाचे गाव आले होते. गिरणेच्या पाण्याच्या आवर्तनाच्या, म्हणजे सिंचनासाठी पाळीने सोडल्या जाणाऱ्या पाण्याच्या, बातमीलाही हेच लागू आहे. किती दशलक्ष घनफूट पाणी सुटले हा आकडा अधिकाऱ्याच्या कामाचा आहे. आपल्या शेताकडच्या चारीला ते कोणत्या दिवशी पोहोचेल, हा वाचकाच्या कामाचा आहे.

यात नवे काही नाही, असे कुणी म्हणेल, आणि ते खरे आहे. अमेरिकेत शिकून आलेल्या ना. भि. परुळेकरांनी १ जानेवारी १९३२ रोजी पुण्यात ‘सकाळ’ सुरू केला, तेव्हा रोजच्या जगण्यातील स्थानिक बातम्या आणि सोपी भाषा यांवरच त्यांचा भर होता, आणि त्या काळातील मतपत्रांच्या परंपरेत ते अनेकांना हलके वाटले असणार.

आतापर्यंत मी वाचकाची बाजू इतकी घेतली, की आकडे दाखवतील तिकडे जावे असा माझा सल्ला आहे, असे तुम्हाला वाटेल. तसे नाही, आणि ते का नाही, हे सांगताना मला साक्री तालुक्यातील राईनपाड्याचा उल्लेख करावाच लागतो. १ जुलै २०१८ रोजी तिथे आठवडे बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांना मुले पळवणारे समजून जमावाने ठेचून मारले. मुले पळवणाऱ्या टोळ्यांच्या अफवा त्या काळात अनेक जिल्ह्यांत व्हॉट्सअॅपवर फिरत होत्या. वाचकांची निवड म्हणून पाहिले, तर त्या आठवड्यांत या भागात त्या अफवेइतके काहीही ‘वाचले’ जात नव्हते. ती कोणत्याही संपादकाच्या हाताखालून न जाता हजारो फोनवर पोहोचली होती. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली.

यात आमची बाजूही स्वच्छ नव्हती. ‘अफवांवर विश्वास ठेवू नका’ हे आवाहन माझ्या डेस्कवर आले होते आणि मी ते आतल्या पानावर एक कॉलम, तळाला लावले होते. ती प्रेसनोट रटाळ होती, तिला फोटो नव्हता आणि अशा आवाहनांना वाचक नसतो, हे मला अनुभवाने माहीत होते. व्हाइट यांच्या तार-संपादकाने लिहिली असती तीच ही कारणे. संपादकाचा अग्रक्रम आणि वाचकाची निवड या दोन्ही कसोट्यांवर ती बातमी खाली गेली आणि दोन्ही कसोट्या चुकल्या. त्या काळात पहिल्या पानावर काय हवे होते, याचे उत्तर मला आज स्पष्ट दिसते: गावात अनोळखी माणूस दिसला तर कोणत्या क्रमांकावर फोन करावा, भिक्षेकरी समाजातील लोक कोण असतात आणि ते दर वर्षी याच दिवसांत का फिरतात, व्हॉट्सअॅपवर फिरणारी चित्रफीत कुठली आहे. या मजकुराला किती वाचक मिळाले असते, मला ठाऊक नाही. चूक झाल्यास होणारी हानी जिथे भरून न येणारी असते, तिथे वाचनाचा आकडा विचारात घेऊ नये, एवढा एक नियम मी त्यानंतर स्वतःपुरता पाळला.

लोक बातम्यांपासूनच दूर जात आहेत, हा मुद्दा तुमच्या व्यवस्थापनाकडून येईलच. ऑक्सफर्डच्या रॉयटर्स इन्स्टिट्यूटच्या पाहणीत अधूनमधून किंवा नेहमी बातम्या टाळतो असे सांगणाऱ्यांचे प्रमाण २०१७ मध्ये २९ टक्के होते, ते २०२४ मध्ये ३९ टक्क्यांवर गेले. पाहणी अनेक देशांतील आहे, ऑनलाइन आहे आणि तिच्यातील भारताचा नमुना मुख्यतः इंग्रजी जाणणाऱ्या इंटरनेट वापरकर्त्यांचा असतो. तो आकडा शिंदखेड्याच्या वाचकाला चिकटवू नका.

आता टिपणी. ‘कोणते विषय कमी करावेत’ असे तुम्हाला विचारले आहे आणि व्यवस्थापनाला बहुधा ‘सिंचन, जिल्हा परिषद, आदिवासी विकास’ असे उत्तर अपेक्षित आहे. तुम्ही विषयांच्या जागी बातम्या मोजा. महिनाभराच्या बातम्या समोर घेऊन प्रत्येकीपुढे दोन प्रश्नांची उत्तरे लिहा: ही बातमी आपल्याकडे कशी आली, आणि ती वाचून कोण काय वेगळे करणार आहे किंवा कोणाच्या खिशावर, पिकावर, प्रवासावर, सुरक्षिततेवर तिचा परिणाम होणार आहे. दुसऱ्या रकान्यात काहीच लिहिता आले नाही, अशा बातम्या बाजूला काढल्यावर त्यांचा पहिला रकाना पाहा. बहुतेकींपुढे ‘प्रेसनोट’ असेल. सत्कार, भूमिपूजन, निवेदन, वाढदिवसाचे उपक्रम, पदाधिकाऱ्यांच्या नियुक्त्या. संपादकाला मनातून त्या नको असतात, वाचक त्या उघडत नाही, आणि तरी त्यांनी पाने आणि तुमच्या सहकाऱ्यांच्या संध्याकाळी व्यापलेल्या असतात. कपात तिथून सुरू करा. ती पाठवणारी मंडळीच दिवाळीला जाहिरात देतात, ही अडचण मला माहीत आहे. ती अडचण जाहिरात विभागाची म्हणून टिपणीत लिहा, वाचकांच्या नावावर टाकू नका.

आकड्यांच्या जोडीला एक साधी वही ठेवा. कार्यालयात आलेले वाचकांचे आणि एजंटांचे फोन, कोणत्या बातमीबद्दल होते आणि त्यांना आणखी काय हवे होते, एवढे त्यात लिहा. पुन्हा पुन्हा परतून येणारा वाचक कोणत्या बातमीवरून आला, हा आकडा एका दिवसाच्या गर्दीपेक्षा अधिक विश्वासाचा असतो. तो वेगळा काढता येतो, तंत्र विभागाला विचारा. आणि मंडळनिहाय तापमान, केळीचे आणि कापसाचे भाव, आवर्तनाच्या तारखा, रेल्वेचे बदल, निधनवार्ता यांना ‘किरकोळ’ या सदराखाली टाकू नका. या बातम्यांना एक चांगला माणूस द्या, ज्याला आकडा पडताळून घेण्याची सवय आहे. चुकीचा भाव छापल्यावर शेतकरी जो फोन करतो, तो कुणाही मंत्र्याच्या फोनपेक्षा अवघड असतो, हे माझे अनुभवाचे बोल आहेत.

शेवटी नंदुरबार जिल्ह्यातील धडगाव आणि अक्कलकुवा. तुमच्या आकड्यांत या तालुक्यांतील बातम्या तळाला असणार आणि तिथला वार्ताहर कमी करावा, अशी सूचना कुणीतरी करणारच. नर्मदेच्या फुगवट्याच्या काठी असलेल्या कित्येक पाड्यांत फोनला रेंज मिळत नाही. घरात पावरी किंवा भिली बोलली जाते आणि आपली बातमी पुस्तकी मराठीत असते. कुपोषणाची किंवा बोटीने दवाखान्यात न्याव्या लागलेल्या बाळंतिणीची बातमी ज्यांच्याविषयी असते, ते ती उघडू शकत नाहीत. ती उघडणारे मोजके लोक नंदुरबारच्या, नाशिकच्या आणि मंत्रालयातील कार्यालयांत बसलेले असतात, आणि त्यांनी ती वाचावी यासाठीच ती लिहिलेली असते. टिपणीच्या तक्त्यात या दोन तालुक्यांसमोरचा वाचकसंख्येचा रकाना शून्य न लिहिता मोकळा सोडा आणि खाली तारांकित टीप द्या, की या ठिकाणची मोजणी उपलब्ध साधनांनी होत नाही.